दुपारची थाप

१

रविवारी सकाळी बेल वाजली की समिधाच्या कपाळाला आठी पडायची, मग दारात कोणीही असो. आठवडाभर शाळेच्या ऑफिसात पालकांशी हुज्जत घातल्यावर एक दिवस तरी कोणाचं तोंड बघू नये, एवढीच तिची अपेक्षा होती. पण त्या रविवारी दारात पूर्वी उभी होती. काखेत मैद्याची पिशवी, हातात यीस्टची पुडी आणि चेहऱ्यावर लग्नघरातला उत्साह. तिला बोलावलं होतं समिधानेच. म्हणजे बोलावलं असं नाही, नाही म्हणायचं राहून गेलं होतं.

भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या या फ्लॅटमध्ये समिधा आणि तिचा नवरा कौस्तुभ राहायला येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. पूर्वी समोरच्या विंगमधली. गुजराती घरातली, पण जन्म भाईंदरचाच, त्यामुळे मराठी बिनधास्त बोलायची. पहिल्यांदा घरी आली तेव्हाच तिची नजर ओट्यावरच्या ओव्हनवर गेली होती. कौस्तुभने हौसेने आणलेला, आणल्यापासून एकदाही न लावलेला. तेव्हापासून तिने घरी ब्रेड करायचा ध्यासच घेतला.

"खाली उतरलं की बेकरीत पावाची गरम लादी मिळते," समिधा म्हणाली. "कशाला हा उपद्व्याप?"

"अरे, त्यात आणि यात फरक आहे ना यार. तू फक्त माझ्या पाठी उभी राहा."

पाठोपाठ पंचशीला आली, मीरा रोडहून रिक्षाने. शाळेच्या ऑफिसात तिचं टेबल समिधाच्या शेजारी. मूळची परभणीकडची, बोलायला सरळ, आणि कुठलीही गोष्ट 'का' विचारल्याशिवाय न करणारी. तिने चप्पल काढता काढता विचारलं, "कौस्तुभ कुठं गेले?"

"उत्तनला. मित्रांबरोबर. मासे खायला." समिधाने दार लावलं. "जाताना मला सांगून गेलाय, मैत्रिणी येतायत तर जरा हसत राहा, सारखी वैतागलेली असतेस."

पंचशीलाने नुसती चप्पल कोपऱ्यात सरकवली, आणि तेही समिधाला लागलं.

स्वयंपाकघरात तिघी उभ्या राहिल्या तर चौथीला जागा नव्हती. हॉलमधून एक अरुंद बोळ आत यायचा आणि वळून स्वयंपाकघरात संपायचा, त्यामुळे हॉलमध्ये बसलेल्याला ओटा दिसत नसे. खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडायची. उजेड बेताचाच, पण खालच्या वरच्या घरांच्या फोडण्या मात्र बिनबोभाट आत यायच्या.

पूर्वीने मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. पंचशीलाने परातीत मैदा ओतला. पाणी कोमट हवं की गरम यावर दोघींचा वाद झाला. पीठ हाताला चिकटू लागलं, पूर्वीने आणखी मैदा घातला, मग ते दगड झालं, मग आणखी पाणी.

"पोळ्यांची कणीक मळतो तशी मळ ना," पंचशीला म्हणाली.

"नाही, हे तळव्याने ढकलायचं आणि ओट्यावर आपटायचं. बघ, असं."

तिघींनी आळीपाळीने मळलं. समिधाने सगळ्यांत कमी. तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली होती आणि जोर लावला की अजून ठणकायची. गोळा काही गुळगुळीत झाला नाही. भेगाळलेलाच राहिला. शेवटी पूर्वीने तो पातेल्यात टाकला, वर ओलं फडकं घातलं, पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं आणि तिघी चहा घेऊन हॉलमध्ये जाऊन बसल्या.

२

चहा झाला, गप्पा झाल्या. पूर्वी पीठ बघायला उठली आणि आतूनच तिने हाक मारली. "कोणी हात लावला याला?"

दोघी आत गेल्या. फडकं बाजूला पडलं होतं. पीठ फुगलेलं होतं, पण मधोमध दाबून पार तळाशी बसवलेलं, आणि कडेला बोटं रुतल्याच्या खुणा.

"समिधा, मी सांगितलं होतं ना, सारखं उघडून बघायचं नाही."

"मी बघितलेलं नाही."

"तू मध्ये बिस्किटं आणायला आत आली होतीस."

"बिस्किटं आणायला आले होते, पिठात हात घालायला नाही." समिधाचा आवाज चढला. माझंच घर, माझीच परात, आणि मी जणू लोणी चोरताना पकडलेलं पोर. "पंचशीलाला विचार."

"मी तर खुर्चीतून उठलेच नाही," पंचशीला म्हणाली.

पूर्वीने उसासा टाकला. व्हिडिओतही नंतर हवा काढायला पीठ दाबतात, थोडं लवकर दाबलं गेलं एवढंच, असं म्हणून तिने विषय मिटवला. पण त्या 'दाबलं गेलं'मध्ये समिधाचं नाव होतंच. त्या दोघी बाहेर गेल्यावर समिधा पातेल्यापाशी थांबली. राग होता, म्हणून पुरावा शोधत होती. पूर्वीची बोटं जाडसर, आखूड. पंचशीलाची लांब. या खुणा कोणाच्या हे दाखवून देऊ, म्हणून तिने आपला हात त्यांच्यावर धरून पाहिला.

चारही बोटं बरोबर बसली. शेवटची खूण आत वळलेली होती. वाकडी करंगळी त्या खळग्यात अशी गेली, जशी म्यानात सुरी.

समिधाने हात झटकन काढून घेतला आणि नळाखाली धरला. पीठ मऊ असतं, ते कुठल्याही बोटाला जागा करून देतं, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि बिस्किटांचा डबा काढताना नकळत हात लागलाही असेल. माणूस किती गोष्टी नकळत करतो. तिने फडकं घट्ट खोचलं आणि बाहेर आली.

"मीच दाबलं असेल," ती तुटकपणे म्हणाली. "झालं समाधान?"

३

जेवायला पूर्वीने आणलेला ढोकळा आणि समिधाने लावलेली खिचडी होती. जेवताना बोलणं शाळेवर गेलं, वातावरण जरा निवळलं. आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

थप्. मग काहीतरी ओट्यावरून ओढल्यासारखं. पुन्हा थप्.

"वरच्यांचं काहीतरी चाललंय," समिधा म्हणाली. "डक्टमधून सगळं ऐकू येतं."

"रविवारी दुपारी कपडे धुतात?" पंचशीलाने विचारलं.

"काय करतात ते मी जाऊन बघू का आता?"

आवाजाला लय होती. घाई नव्हती. तिघी घास हातात धरून ऐकत राहिल्या, आणि मग पंचशीला उठून बोळातून आत गेली. तिचं पाऊल स्वयंपाकघरात पडलं तसा आवाज थांबला. बराच वेळ ती बाहेर आली नाही, तेव्हा दोघी मागोमाग गेल्या.

पातेलं रिकामं होतं. पीठ ओट्यावर होतं, खाली मैदा भुरभुरलेला. तिघींनी सकाळी ओटा पुसून घेतला होता. आणि तो गोळा आता तान्ह्या बाळाच्या गालासारखा गुळगुळीत झाला होता, एकही भेग नव्हती.

पूर्वीने त्यावर बोट दाबलं. पीठ आत गेलं आणि हळूच वर आलं. "परफेक्ट," ती म्हणाली. "समिधा, तू छुपी रुस्तम निघालीस. कधी केलंस? ताटं घ्यायला आली होतीस तेव्हा?"

"पूर्वी, मी तुझ्यासमोर जेवत होते."

"त्याआधी."

"मी काही केलेलं नाही."

"असं काय करतेस? चांगलं केलंय, मी चिडले का?"

पंचशीला दोघींकडे पाहत होती. खिडकीच्या गजांपाशी जाऊन तिने डक्टमध्ये खाली वर पाहिलं. तिथून मांजरसुद्धा आलं नसतं. "समिधा," ती हळू आवाजात म्हणाली, "तू आमची गंमत करतेयस का? तसं असेल तर सांग. मला आवडत नाही असलं."

समिधाला वाटलं, या दोघींना आत्ताच्या आत्ता लिफ्टमध्ये घालून खाली पाठवावं. एक मला लबाड समजतेय, दुसरी विनोदी. खुलासा तिच्याकडेही नव्हता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

त्याच वेळी बेल वाजली.

४

दारात तात्याराव होते, बरोबर खालच्या फ्लॅटमधले. महापालिकेतून निवृत्त, सोसायटीच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत. जाळीच्या दाराबाहेर उभे राहून ते अवघडल्यासारखे बोलू लागले.

"समिधाताई, रविवार आहे, पाहुण्या आल्यात, मला कळतं. पण ते कुटणं जरा कमी करा. आमच्या हिचं डोकं दुखतंय."

"आम्ही कुटत नाही, काका. ब्रेड करतोय. आणि सकाळनंतर कोणी हातही लावलेला नाही."

"आत्ता आम्ही जेवत होतो तेव्हा तर चालू होतं." ते थांबले. "आणि आजचं एक ठीक आहे, हो. पण रोज दुपारी?"

"रोज दुपारी मी शाळेत असते. घराला कुलूप असतं."

तात्यारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हा माणूस आता उलटतपासणी घेणार, असं समिधाला वाटलं. पण ते नुसतेच गोंधळलेले दिसले.

"ताई, परवा शुक्रवारी दुपारी मी वर येऊन बेल वाजवली होती. तुम्हीच दार उघडलंत. कोपरापर्यंत पीठ होतं हाताला. मी म्हटलं, जरा आवाज होतोय. तुम्ही हसलात, मान हलवलीत आणि दार लावून घेतलंत. मी घरी जाऊन हिला म्हटलंसुद्धा, बाई किती शांत आहे."

पंचशीला पुढे आली. "काका, शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी शाळेत निकालपत्रं लावत होतो. शाळा सुटेपर्यंत ही माझ्या बाजूलाच होती."

"मग माझी चूक असेल," तात्याराव म्हणाले. पण आपली चूक आहे असं मानणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता.

समिधाने चप्पल पायात सरकवली. "चला, मला ऐकवा तुमच्या घरातून. कुठून येतो आवाज ते एकदाचं कळू दे. कोणाच्या घरात काय चाललंय आणि शिव्या मी खातेय." जाताना तिने वळून दोघींना बजावलं, "आणि त्या पिठाला कोणी हात लावायचा नाही."

५

तात्यारावांचं स्वयंपाकघर तिच्याच घरासारखं, फक्त भिंती पिवळ्या. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई डोक्याला रुमाल बांधून लसूण सोलत बसल्या होत्या. समिधाला बघून त्यांनी स्टूल सरकवलं, पण ती बसली नाही. डक्टच्या खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी राहिली. काही ऐकू येत नव्हतं. आता हे दोघे काय म्हणतात बघूया, असं मनाशी म्हणत असतानाच वर सुरू झालं.

थप्. ओढल्याचा आवाज. थप्.

अगदी डोक्यावर. छतावरून तो तिच्या खांद्यांत उतरत होता. "पूर्वी," ती दात आवळून म्हणाली. "सांगितलं होतं, हात लावू नको."

अनसूयाबाईंनी मान हलवली. "रोजचा असाच असतो. एकाच हाताने जोर लावल्यासारखा."

आणि मग डक्टमधून पूर्वीचा आवाज आला, ओट्यापासून लांबून बोलल्यासारखा. "अरे, तू कधी आलीस?"

थप्.

"काका काय म्हणाले?" आवाज जवळ आला. "जाऊ दे, नको सांगू. मस्त मळतेस गं. सकाळपासून अशी का नाही राहिलीस? उगाच चिडचिड करत होतीस." पूर्वी हसली. "सरक जरा, मी पण करते."

थापा आता दोघींच्या झाल्या. पूर्वी बोलत होती, नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, मन मोकळं करून बोलत होती, आणि मध्येमध्ये थांबत होती, जसं समोरचं माणूस मान हलवत असलं की आपण थांबतो.

तात्याराव समिधाकडे पाहत होते. समिधा त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होती. हे आता त्या घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

६

जिना ती कसा चढली ते तिला नंतर आठवलं नाही. बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. पंचशीलाने आतलं दार उघडलं, आणि जाळीच्या दाराची कडी काढायला निघालेला तिचा हात मध्येच थांबला.

तिने समिधाकडे पाहिलं. मग मागे, बोळाकडे. आत पूर्वीची बडबड चालू होती.

"तू बाहेर गेलीस ते मी बघितलं," पंचशीला म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आत आलेली नाही बघितली. मी इथेच बसलेय. पण पूर्वी कोणाशी तरी बोलतेय."

"दार उघड."

"तू माझ्यासमोरून आत गेलीस का, असं मी स्वतःलाच विचारत होते. मी जाऊन बघितलं नाही, समिधा. मला जाववेना." तिने कडीवरून हात काढून घेतला. "तू काहीतरी बोल आधी."

"काय बोलू? सकाळपासून डोकं खाल्लंय माझं सगळ्यांनी. एकीला मी चोर वाटते, एकीला थट्टेखोर, खालचे म्हणतात मी रोज दुपारी कांडप करते. आणि आता माझ्याच दारात मला मुलाखत द्यायची? हा ब्रेड मला नकोच होता. उघड दार."

पंचशीलाचे डोळे भरून आले आणि तिने कडी काढली. "तूच आहेस," ती म्हणाली. "तूच आहेस बाई."

समिधा आत शिरली नाही. उंबऱ्यातूनच तिने पूर्वीला हाक मारली, नेहमीच्या तिखट आवाजात. आत बडबड थांबली. पूर्वी बोळाच्या वळणावर आली, हात मैद्याने माखलेले, चेहऱ्यावर अर्धं हसू. तिने समिधाला दारात पाहिलं. हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं सगळं निघून गेलं. तिने मान वळवून जिथून आली होती तिकडे पाहिलं.

थप्, आत आवाज झाला.

"इकडे ये," समिधा म्हणाली. "मागे बघू नको. इकडे ये."

पूर्वी चालत आली. बोळाच्या तोंडाशी, तिच्या पाठीमागे, एक कोपर दिसलं. फक्त कोपर आणि समिधाच्याच पिवळ्या कुर्त्याची दुमडलेली बाही, सकाळी तिने दुमडली होती तशीच. ते कोपर मागे गेलं, पुढे आलं. पूर्वीच्या मागून कोणी बाहेर आलं नाही. कामात असलेल्या माणसाला कशाला घाई असणार.

तिघी बाहेर पडल्या. मागे वाऱ्याने की कशाने दार लागलं, आणि लॅच पडल्याचा आवाज झाला. किल्ली आत होती, मोबाईल आत होते, पूर्वी आणि पंचशीलाच्या चपला आत होत्या.

७

तिघी खाली आल्या तसं तात्यारावांनी दार उघडलं, अनसूयाबाईंनी पाणी दिलं. पूर्वी त्यांच्या मोरीत हात धूत राहिली. पीठ कधीच निघून गेलं होतं तरी धूत राहिली. "ती काही बोलली?" पंचशीलाने विचारल्यावर तिने नकारार्थी मान हलवली. "ऐकत होती. सगळं ऐकत होती नीट."

समिधाने तात्यारावांच्या फोनवरून कौस्तुभला फोन लावला. अनोळखी नंबर तो उचलत नसे, आणि गाडीवर असला तर ओळखीचाही नाही. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत राहिली. चिडल्यावर तिला बरं वाटत होतं. चिडलेली आहे तोवर आपण आपल्या जागी आहोत, असं काहीसं वाटत होतं, आणि हे ती कोणाला बोलून दाखवणार नव्हती.

तात्याराव चावीवाल्याला आणतो म्हणाले. मग कोणीच उठलं नाही.

वरची थापथाप थांबली. ओव्हनचं दार लागल्याचा आवाज आला. ऊन कलायला लागलं होतं, समोरच्या विंगच्या टाक्या पिवळ्या दिसत होत्या, आणि डक्टमधून हळूहळू भाजल्या जाणाऱ्या ब्रेडचा वास खाली उतरला. सुरेख वास होता. अनसूयाबाईंनी उठून खिडकी लावली. वास तरीही येत राहिला.

मग वर दुसरा आवाज आला. लॅच उघडल्याचा, चावीचा जुडगा टीपॉयवर टाकल्याचा. समिधा ताडकन उभी राहिली. कौस्तुभ लिफ्टने थेट वर गेला होता.

तिने खिडकी उघडली.

"अरे वा," कौस्तुभचा आवाज डक्टमध्ये घुमला. "जमला की ब्रेड. गेल्या का तुझ्या मैत्रिणी?" थोडा वेळ गेला. "बस ना, मी घेतो. दमली असशील." पुन्हा थोडा वेळ. मग तो हसला. असं मोकळं हसणं समिधाने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

ती धावली. पंचशीला मागोमाग. वर दार बंद होतं, दारावरच्या पितळी पाटीवर दोघांची नावं शेजारी शेजारी. समिधाने बेल दाबली आणि हाक मारायला तोंड उघडलं. सकाळपासून एक क्षण न थांबलेला तिचा आवाज फुटलाच नाही. पंचशीलाने तिचा हात घट्ट धरला होता.

आत पावलं वाजली. सावकाश, अनवाणी. दारापाशी येऊन थांबली. दाराच्या भोकातला उजेडाचा ठिपका विझला. पलीकडून कोणीतरी डोळा लावला होता.

"कोण आहे गं?" आतून, लांबून, कौस्तुभने विचारलं. तोंडात घास असावा.

ठिपका तसाच अंधारा राहिला. समिधाला श्वास ऐकू आला, स्वतःचा की दारापलीकडचा, ते सांगता आलं नसतं. मग दाराच्या अगदी जवळून तिचाच आवाज आला, शांत, समजूतदार, कुठेही वैताग नसलेला.

"कोणी नाही."